हार्वर्डच्या अंगणात क्यूबाचे शिक्षक

उन्हाळी सुटीत चार-सहा आठवड्यांसाठी परदेशी विद्यापीठात जाऊन एखादा अभ्यासक्रम पुरा करावा, ही गोष्ट आता आपल्या कुटुंबांना नवलाची राहिलेली नाही. मुलगी जाणार असली तर आईवडील राहण्याची सोय विचारतात, खर्चाची तोंडमिळवणी करतात, तेथे मिस्सा कोठे मिळेल याची चौकशी करतात. आणि हे सारे योग्यच आहे. परंतु खर्च दुसऱ्या कोणी उचलला असेल, तर तो त्याने का उचलला, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आयती शिष्यवृत्ती चालून आली की आपण देवाचे आभार मानतो आणि पासपोर्टाच्या मागे लागतो. या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी एका जुन्या उन्हाळ्याची आठवण होते. तो उन्हाळा १९०० सालचा. त्या वर्षी क्यूबा बेटावरील १,२७३ शालेय शिक्षक-शिक्षिका अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सहा आठवड्यांच्या अभ्यासासाठी गेल्या. एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राचा जवळजवळ अर्धा शिक्षकवर्ग जहाजांत बसवून आपल्या सर्वांत जुन्या विद्यापीठात आणावा, याला इतिहासात फारशी जोड सापडत नाही.

उन्हाळी विद्यापीठाची कल्पना त्या वेळी तशी नवीनच होती. हार्वर्डने १८७१ पासून उन्हाळी वर्ग चालवले. निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांनी १८७३ मध्ये पेनिकीज नावाच्या एका लहानशा बेटावर शिक्षकांना मासे आणि समुद्रजीव प्रत्यक्ष हाताळायला लावले. १८७४ मध्ये शटॉक्वा सरोवराकाठी मेथडिस्ट मंडळींनी रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठी मेळावा भरवला आणि त्यातून एक देशव्यापी चळवळ उभी राहिली. इंग्लंडात ऑक्सफर्डने १८८८ पासून उन्हाळी संमेलने घेतली. त्याच सुमारास एडिंबरोमध्ये पॅट्रिक गेडिस यांचे उन्हाळी वर्ग गाजत होते. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. अमेरिकन कॅथोलिकही मागे राहिले नाहीत. १८९२ मध्ये त्यांनी स्वतःची उन्हाळी शाळा काढली, पुढच्याच वर्षी ती शॅम्प्लेन सरोवराकाठी प्लॅट्सबर्ग येथे नेली आणि पोप तेरावे लिओ यांनी तिला आशीर्वाद दिला. या सर्व उपक्रमांत शिकणारे लोक बहुधा आपल्याच देशातले, आपल्या खर्चाने आणि आपल्या इच्छेने येणारे असत. क्यूबाच्या शिक्षकांचे तसे नव्हते.

त्यांच्या देशाची त्या क्षणाची अवस्था समजल्यावाचून या प्रवासाचा अर्थ लागणार नाही. क्यूबा ही स्पेनच्या अमेरिकेतील साम्राज्याची अखेरची मोठी वसाहत. १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षे तेथे स्वातंत्र्ययुद्ध झाले आणि ते फसले. १८९५ मध्ये ते पुन्हा पेटले. त्याचा प्राण असलेला कवी होसे मार्ती पहिल्याच काही आठवड्यांत धारातीर्थी पडला. स्पेनचा सेनापती व्हालेरियानो वेलर याने बंडखोरांना गावांचा आधार मिळू नये म्हणून खेड्यांतील माणसे उठवून तटबंद वस्त्यांत कोंडली. तेथे भूक आणि रोगराई यांनी लाखाहून अधिक माणसे मेली असे इतिहासकार मानतात. फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि अमेरिका युद्धात उतरली. युद्ध थोड्याच महिन्यांत संपले. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने क्यूबावरील हक्क सोडला. १ जानेवारी १८९९ रोजी हवानाच्या किल्ल्यावरून स्पेनचे निशाण उतरले. पण त्याच्या जागी चढले ते अमेरिकेचे. तीस वर्षे लढलेल्या क्यूबन सैनिकांचे निशाण बासनातच राहिले.

अमेरिकन काँग्रेसने युद्धापूर्वी एक ठराव करून क्यूबा बळकावण्याचा आपला हेतू नाही असे जाहीर केले होते. त्यामुळे तेथील लष्करी राजवट तात्पुरती आहे, असे सगळेच म्हणत. तात्पुरती म्हणजे किती वर्षे, हे मात्र कोणी सांगत नव्हते. वॉशिंग्टनमध्ये एक मोठा गट असा होता की क्यूबन लोकांनाच उद्या स्वखुशीने अमेरिकेत सामील व्हावेसे वाटले, तर ठरावाचा भंग होत नाही. माणसाला स्वखुशीने काही वाटायला लावायचे, तर शाळेसारखे दुसरे साधन नाही.

येथे क्यूबातील ख्रिस्तसभेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ते शिक्षक जवळजवळ सगळे कॅथोलिक घरांतले होते. आपल्या वसई-गोव्याच्या वाचकांना पाद्रोआदो म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. स्पेनच्या राजालाही आपल्या वसाहतींत बिशप नेमण्यापासून चर्चच्या उत्पन्नापर्यंत तसेच अधिकार होते. परिणाम असा झाला की बेटावरील बरेचसे धर्मगुरू स्पेनहून आलेले, राजनिष्ठ आणि बंडाला पाप मानणारे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तरुणांच्या मनात म्हणूनच वेदीविषयी दुरावा निर्माण झाला. तरी त्याच ख्रिस्तसभेने क्यूबाला फादर फेलिक्स व्हारेला दिले होते, ही गोष्ट विसरू नये. १७८८ मध्ये हवानात जन्मलेल्या या धर्मगुरूने तेथील सान कार्लोस सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना लॅटिन घोकंपट्टी मोडून काढली आणि मुलांना आपल्या भाषेत विचार करायला लावले. गुलामगिरी नष्ट करावी आणि वसाहतींना स्वायत्तता द्यावी, असे त्यांचे मत होते. १८२३ मध्ये त्यांना परागंदा व्हावे लागले. त्यानंतरचे आयुष्य त्यांनी न्यू यॉर्कमध्ये गरीब आयरिश निर्वासितांची सेवा करण्यात घालवले आणि १८५३ मध्ये फ्लोरिडात देह ठेवला. २०१२ मध्ये रोमने त्यांना ‘पूजनीय’ ही पदवी दिली. म्हणजे क्यूबाचा पहिला मोठा शिक्षक अमेरिकेत गेला तो निर्वासित म्हणून, सरकारी पाहुणा म्हणून नव्हे.

लष्करी राजवटीने शाळांचे काम अलेक्सिस फ्राय या माणसाच्या हाती दिले. फ्राय हे भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांचे नामवंत लेखक आणि हार्वर्डचेच पदवीधर. अंगात उत्साह एवढा की तो आवरायला दुसरा माणूस ठेवावा लागावा. १८९९ च्या जनगणनेत दहा वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोक निरक्षर आढळले होते. डिसेंबर १८९९ मध्ये फ्राय यांनी शाळांचा कायदा करून घेतला आणि सहा महिन्यांच्या आत तीन हजारांहून अधिक वर्ग उघडले. त्यांत लाखाहून जास्त मुले बसू लागली. एवढे शिक्षक आणायचे कोठून? वाचता-लिहिता येणारा, चांगल्या चालीचा तरुण किंवा तरुणी दिसली की नेमणूक, असा प्रकार होता. अनेकांचे वय विशीच्या आसपास होते. शिकवण्याचे शिक्षण बहुतेकांना मिळालेले नव्हते.

या शिक्षकांना हार्वर्डला न्यायचे, ही कल्पना १९०० च्या आरंभी पुढे आली आणि हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ती उचलून धरली. विद्यापीठाने लोकवर्गणीतून ७०,००० डॉलर जमवण्याचे मान्य केले. समुद्रप्रवास अमेरिकेच्या युद्धखात्याने आपल्या जहाजांतून फुकट करून द्यायचा होता. बेटाचे लष्करी गव्हर्नर जनरल लिओनार्ड वूड यांनीही संमती दिली. तेही हार्वर्डचेच, तेथील वैद्यकीय पदवी घेतलेले. अशा रीतीने एका विद्यापीठाच्या तीन माणसांनी मिळून एका देशाचा शिक्षकवर्ग आपल्या अंगणात बोलावला.

आता घरोघरी काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. जाणाऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. स्पॅनिश रीतीच्या घरांत अविवाहित मुलगी वडीलधाऱ्या बाईच्या सोबतीवाचून शेजारच्या गल्लीतही जात नसे. तिला लष्करी जहाजात बसवून उत्तरेकडील प्रॉटेस्टंट मुलखात धाडायचे! त्या भीतीला आज आपण हसू नये. मुलगी शिकायला मुंबईच्या वसतिगृहात पाठवावी की नाही यावर आपल्याच गावांत किती रात्री जागल्या गेल्या, हे जाणती माणसे जाणतात. आयोजकांनी स्त्रियांसोबत प्रौढ सोबतिणी दिल्या. केंब्रिज शहरात खाजगी घरांमधून त्यांच्या राहण्याची व्यवस्था केली. पुरुषांना विद्यापीठाच्या वसतिगृहांत खोल्या मिळाल्या.

धर्माची भीतीही निराधार नव्हती. एलियट हे युनिटेरियन पंथाचे आणि कॅथोलिक शिक्षणपद्धतीचे उघड टीकाकार. त्यांनी ऑक्टोबर १८९९ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकात एक लेख लिहिला. येशूसंघीयांच्या शाळांतील ठराविक अभ्यासक्रमाची तुलना त्यांनी मुसलमान देशांतील कुराणाच्या पाठांतराशी केली आणि दोहोंत शतकानुशतके बदल नाही असे सुचवले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या संघाने उभारले त्याच संघाविषयीचे हे मत. हार्वर्डच्या कायद्याच्या शाळेने तर बॉस्टन कॉलेजच्या कॅथोलिक पदवीधरांना इतरांप्रमाणे थेट प्रवेश देण्याचे नाकारले होते आणि त्यावरून दोन्ही संस्थांत कडू पत्रव्यवहार चालू होता. फादर टिमोथी ब्रॉस्नहन या येशूसंघीयाने १९०० च्या आरंभी एलियट यांना जे उत्तर लिहिले, ते वादविवादाचा नमुना म्हणून आजही वाचावे असे आहे. एलियट यांचे म्हणणे असे की विद्यार्थ्याला विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक हवी. फादर ब्रॉस्नहन यांनी शांतपणे दाखवून दिले की लेखकाने ज्या अभ्यासक्रमावर टीका केली, तो त्याने नीट पाहिलेलाच नाही.

म्हणजे पाहा. ज्या वर्षी बॉस्टनच्या कॅथोलिक तरुणाला हार्वर्डचे एक दार अर्धे मिटले होते, त्याच वर्षी हवानाच्या कॅथोलिक तरुणासाठी दुसरे दार सताड उघडले गेले. एलियट यांच्यावर मी दांभिकपणाचा आरोप करणार नाही. त्यांचा शिक्षणावर खरोखर विश्वास होता आणि पाहुण्यांच्या धर्माचरणात अडथळा येऊ नये हे त्यांना कळत होते. पण दूरच्या गरजवंतावर उपकार करणे जवळच्या शेजाऱ्याला बरोबरीने वागवण्यापेक्षा सोपे असते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

जूनच्या अखेरीस पाच लष्करी जहाजांनी बेटाभोवतीच्या बंदरांतून शिक्षक गोळा केले. त्या जहाजांना अमेरिकन यादवी युद्धातील उत्तरेच्या सेनापतींची नावे असत. गुलामगिरी मोडणाऱ्या सेनेच्या नावांची जहाजे, आणि त्यांत बसलेली माणसे अशा बेटाची की जेथे गुलामगिरी १८८६ मध्ये, म्हणजे केवळ चौदा वर्षांपूर्वी कायद्याने संपली होती. जुलैच्या आरंभी मंडळी केंब्रिजला पोचली. मला या प्रवासातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. क्यूबाचे सहा प्रांत. पिनार देल रिओच्या तंबाखूच्या खेड्यातली शिक्षिका आणि दुसऱ्या टोकाच्या सांतियागोचा शिक्षक एरवी जन्मात भेटले नसते. युद्धाने रस्ते उद्ध्वस्त केले होते आणि बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा लोहमार्गही अजून पुरा झाला नव्हता. आपल्या देशातल्या माणसांना ती भेटली ती परक्या जहाजाच्या फलाटावर. आपण एक राष्ट्र आहोत ही जाणीव अशा ठिकाणी जितकी तीव्र होते तितकी घरी होत नाही. परदेशी शिकलेल्या आपल्या कित्येक पुढाऱ्यांनीही हाच अनुभव घेतला आहे.

अभ्यासक्रम नेमका होता. रोज इंग्रजीचे पाठ, लहान लहान तुकड्यांत. भूगोल आणि इतिहास यांवरची व्याख्याने स्पॅनिशमध्ये. इतिहासात एकीकडे अमेरिकेचा इतिहास, तर दुसरीकडे नव्या जगातील स्पॅनिश वसाहतींचा. बालवाडीच्या पद्धती शिक्षिकांना मुद्दाम दाखवल्या गेल्या. भूगोलाच्या वर्गात मार्क जेफरसन हा तरुण शिक्षक होता. अर्जेंटिनात काही वर्षे काढल्यामुळे त्याला स्पॅनिश उत्तम येई. पुढे १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत अमेरिकेचे नकाशे याच जेफरसनने काढले. त्याची आणि त्याच्या सहकाऱ्यांची पद्धत अशी की पुस्तक मिटायचे आणि बाहेर पडायचे. टेकडीचा उतार, किनाऱ्याची वाळू, हिमनदीने आणून टाकलेले धोंडे हे सारे डोळ्यांनी पाहायचे आणि मग त्याविषयी बोलायचे. उष्ण कटिबंधातल्या माणसाला हिमनदीच्या खुणा दाखवणे म्हणजे परीकथाच. पण पद्धत हाती लागली की तीच नजर आपल्या नदीकाठी, आपल्या उसाच्या मळ्यातही चालते. उन्हाळी अभ्यासातून जर काही कायमचे मिळत असेल तर ते हेच असावे. सहा आठवड्यांत इंग्रजी येत नाही. त्यांनाही ते आले नाही. शिकवण्याची एक रीत मात्र पाहता येते.

दुपारी व सुटीच्या दिवशी संग्रहालये, कारखाने आणि ऐतिहासिक स्थळे दाखवली जात. बॉस्टनच्या परिसरातील अशी बहुतेक स्थळे इंग्रजी राजाविरुद्धच्या बंडाची स्मारके आहेत. परक्या सत्तेखालून आलेल्या पाहुण्यांना यजमानांनी आपल्या स्वातंत्र्ययुद्धाची रणभूमी कौतुकाने दाखवावी, यातला विरोधाभास त्या पाहुण्यांपैकी एकालाही जाणवला नसेल असे मानणे मला कठीण जाते.

शिवाय ते शहर त्या वेळी शांत नव्हते. अमेरिकेने साम्राज्य करू नये असे म्हणणारा साम्राज्यविरोधी संघ नोव्हेंबर १८९८ मध्ये बॉस्टनमध्येच स्थापन झाला होता. फिलिपाइन्समध्ये अमेरिकन फौजा तेथील स्वातंत्र्यसैनिकांशी लढत होत्या आणि त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत हाच वादाचा विषय होता. हार्वर्डचे जुने प्राध्यापक चार्ल्स एलियट नॉर्टन, अध्यक्ष एलियट यांचे ते चुलत-मावस नात्यातले बंधू, या युद्धाचे कडवे विरोधक. तत्त्वज्ञ विल्यम जेम्सही त्याच मताचे. मात्र ते त्या उन्हाळ्यात प्रकृतीसाठी युरोपात होते. यजमानांच्या घरातच असा मतभेद असला की पाहुण्याला व्याख्यानांपेक्षा अधिक शिकायला मिळते.

आणखी एक पाठ वेळापत्रकात नव्हता. प्युरिटनांनी वसवलेल्या बॉस्टनमध्ये एव्हाना आयरिश कॅथोलिकांची प्रचंड वस्ती झाली होती. १८८५ मध्ये त्यांच्यातलाच ह्यू ओब्रायन शहराचा महापौर झाला होता. आर्चबिशप जॉन विल्यम्स यांच्या कारकिर्दीत पवित्र क्रूसाचे भव्य महामंदिर १८७५ मध्ये पुरे झाले होते. तेथे राजा चर्चला पैसा देत नव्हता आणि बिशपही नेमत नव्हता. मोलकरणी, गवंडी, गोदी कामगार यांच्या नाण्यांवर ती देवळे, त्या शाळा, ती इस्पितळे उभी होती. क्यूबातल्या तरुणाने आजवर धर्मगुरू पाहिला तो स्पेनच्या गव्हर्नराच्या शेजारी बसलेला. येथे तोच रोमन विधी, तीच लॅटिन मिस्सा, पण चर्च गरिबांचे आणि सरकारपासून अलग. १८९९ नंतर क्यूबातही राज्य आणि चर्च यांची फारकत झाली होती, सरकारी शाळांतून धर्मशिक्षण गेले होते, नागरी विवाहावरून खडाजंगी चालू होती. राज्याचा हात सुटला की श्रद्धा मरते असे म्हणणाऱ्यांना बॉस्टन हे एक उत्तर होते. ते उत्तर किती शिक्षकांनी घरी नेले, याची मोजदाद कोणी केली नाही.

ऑगस्टच्या मध्याला वर्ग संपले. नंतर या मंडळींना न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन दाखवण्यात आले. अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यांचे स्वागत केले. मग पुन्हा जहाजे आणि घर.

हिशेब मागण्याची वेळ लगेच आली. क्यूबन लोकांत अमेरिकेविषयी आदर वाढला यात शंका नाही. पण आदर म्हणजे विलीनीकरणाची इच्छा नव्हे, हे जनरल वूड यांच्या लक्षात आले. फ्राय यांचा सगळा जीव शिक्षकांत होता आणि क्यूबाने स्वतंत्र व्हावे असे ते मोकळेपणी बोलत. वूड यांना हा माणूस शाळांतून स्वातंत्र्याचे वारे पसरवतो असे वाटू लागले. शाळांचा नवा कायदा आधीच वूड यांच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने, मॅथ्यू हॅना याने, ओहायो राज्याच्या नमुन्यावर केला होता. जानेवारी १९०१ मध्ये फ्राय यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास त्यांनी मारिया तेरेसा आरुएबारेना या क्यूबन शिक्षिकेशी विवाह केला. ही ओळख त्या प्रवासातलीच. उन्हाळी शाळेचे हे एक फळ तरी कोणत्याही खात्याच्या योजनेत बसणारे नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात हार्वर्डला क्यूबन शिक्षक पुन्हा आले, पण अगदी थोडे. हजारांचा तो प्रवाह पुन्हा वाहिला नाही.

अमेरिकेने नंतर दिशा उलटी केली. जुलै १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाचे लष्करी जहाज पाचशेहून अधिक अमेरिकन शिक्षक घेऊन सान फ्रान्सिस्कोहून मनिलाला निघाले. विद्यार्थ्याला आपल्याकडे आणण्यापेक्षा गुरुजींनाच तिकडे पाठवणे स्वस्त आणि खात्रीचे ठरले. फिलिपिनो मुले पुढे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीतून शिकली. क्यूबात मात्र शिक्षक क्यूबन राहिले, भाषा स्पॅनिश राहिली, आणि माझ्या मते त्या बेटाचे फार मोठे भाग्य येथेच राखले गेले. याचे थोडे श्रेय फ्राय यांना द्यायला हवे.

राजकीय फळ कडू निघाले. १९०१ मध्येच अमेरिकन काँग्रेसने प्लॅट दुरुस्ती म्हणून ओळखली जाणारी अट क्यूबाच्या राज्यघटनेत घालायला लावली. त्यानुसार अमेरिकेला हवे तेव्हा क्यूबात हस्तक्षेप करण्याचा अधिकार आणि आरमारी तळासाठी जमीन मिळाली. ग्वांतानामोचा तळ त्यातूनच आला. २० मे १९०२ रोजी क्यूबाचे निशाण अखेर चढले, पण या दोरीने बांधलेले. ती अट १९३४ पर्यंत टिकली. बॉस्टनच्या भांडवलदारांचे क्यूबातील उसाच्या मळ्यांत जुने हितसंबंध होते. त्यांपैकी एडविन अ‍ॅटकिन्स यांच्या सिएन्फुएगोसजवळच्या सोलेदाद मळ्यावर तर हार्वर्डची वनस्पती-संशोधनाची बागच उभी राहिली. विद्यापीठ, साखर आणि शाळा यांचे धागे असे एकमेकांत गुंतलेले होते. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात साखर होती असे मी म्हणत नाही. बॉस्टनच्या अनेक साध्या कुटुंबांनी शुद्ध सद्भावनेने हातभार लावला असणार. पण सद्भावना आणि व्यापार एकाच जहाजातून प्रवास करू शकतात.

त्या १,२७३ जणांत वीस वर्षांचा एक शिक्षक होता, रामिरो ग्वेरा. बाताबानो या किनाऱ्यावरील गावचा. केंब्रिजमध्ये तो इतरांसारखाच बसला असेल, इंग्रजीचे क्रियापद चालवीत आणि टेकड्यांचे उतार मोजीत. परतल्यावर त्याने शाळांत काम केले, शिक्षणाधिकारी झाला आणि पुढे क्यूबाचा अग्रगण्य इतिहासकार म्हणून ओळखला जाऊ लागला. १९२७ मध्ये त्याने साखर आणि अँटिलीस बेटांतील लोकसंख्या या विषयावर एक ग्रंथ लिहिला. मोठ्या परदेशी कंपन्यांचे अफाट मळे छोट्या शेतकऱ्याला कसे गिळतात, स्वस्त मजूर बाहेरून आणून देशाचा कणा कसा मोडतात आणि बार्बाडोससारख्या बेटांचे तेच कसे झाले होते, याची त्याने आकडेवारीनिशी मांडणी केली. जमीन ज्याची, देश त्याचा, हा त्याचा मुद्दा. १९३५ मध्ये आलेला त्याचा दुसरा ग्रंथ अमेरिकेने स्पेन व स्पॅनिश-अमेरिकन देशांच्या मुलखावर आपला विस्तार कसा केला याविषयी आहे. ज्यांनी त्याला इतिहास शिकायला बोलावले, त्यांच्याच इतिहासाचा अभ्यास त्याने केला. आणि तोही शिव्याशाप न देता, कागदपत्रे पुढे ठेवून, भूगोलाच्या जाणकारीने.

साखरेवरचा तो ग्रंथ १९६४ मध्ये येल विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने इंग्रजीत काढला. तोवर क्यूबा आणि अमेरिका यांचे राजनैतिक संबंध तुटून तीन वर्षे झाली होती आणि सोलेदादची बाग क्यूबन सरकारच्या ताब्यात गेली होती. ग्वेरा त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ते हवानातच राहिले आणि १९७० मध्ये तेथेच वारले.